एमसीबी मोठा करण्याआधी त्या चुणचुणीकडे बघा

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींनी घराच्या मागच्या खोलीत लाकूडकामाची छोटी कार्यशाळा थाटली आहे. दीड एचपीचा टेबल सॉ, भुसा ओढणारा एक एचपीचा डस्ट कलेक्टर, अर्ध्या एचपीचं पिलर ड्रिल आणि हातात धरून वापरायची दोन-तीन मशीन. खोलीत १६ अँपिअरचं एकच सॉकेट आहे. त्यावर १५ मीटरचं गुंडाळीचं एक्स्टेन्शन लावून सगळं चालतं. डस्ट कलेक्टर चालू असताना सॉ सुरू केला की १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडतो. भाऊ म्हणतो, ‘३२ चा लाव, प्रश्न मिटला.’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ड्रिलच्या बॉडीला हात लागला की हलकी चुणचुण जाणवते, पण रबरी चप्पल घातली की जाणवत नाही. आता त्यांना वायरिंग नीट करून घ्यायचं आहे. ते स्वतःच्या हाताने करण्याची हौस आहे, घरच्यांचं म्हणणं मात्र ‘हात लावू नकोस, सगळं वायरमनवर सोपव’ असं आहे. कोणाचं ऐकायचं?

तुमच्या पत्रात एमसीबीबद्दल जवळजवळ पानभर मजकूर आहे आणि चुणचुणीबद्दल एक ओळ. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करतोय, कारण तिथे थांबायला वेळ नाही. ते ड्रिल आजपासून वापरू नका. प्लग काढा, त्याला चिठ्ठी बांधा आणि घरात इतर कोणी ते लावणार नाही एवढं बघा.

मोटारीच्या वाइंडिंगमधून लोखंडी बॉडीत थोडासा करंट झिरपतच असतो. मोटार जुनी असेल, दमट असेल, आत भुसा भरला असेल तर जरा जास्त. बॉडी अर्थला नीट जोडलेली असली की हा करंट हिरव्या तारेतून निमूट निघून जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुम्हाला पत्ता लागतोय, म्हणजे अर्थची वाट कुठेतरी तुटलेली आहे आणि तो करंट तुमच्या अंगातून वाट काढतोय. आज तो अर्धा-एक मिलिअँपिअर असेल, म्हणून नुसती चुणचुण. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे गेला आणि काही क्षण टिकला तर श्वास आणि हृदय दोन्हींवर बेततं. वाइंडिंगचं इन्सुलेशन एखाद्या दिवशी पूर्ण फुटलं तर त्या बॉडीवर २३० व्होल्ट उभे राहतील. अर्थ तुटलेला असल्यामुळे एमसीबीला त्याची खबरही लागणार नाही. मशीन बाहेरून आजच्यासारखंच दिसेल.

रबरी चप्पल पायाखालची वाट अडवते, हातांमधली नाही. एक हात ड्रिलवर आणि दुसरा हात सॉच्या लोखंडी टेबलावर किंवा नळावर असेल, तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, म्हणजे थेट छातीतून. चपलेमुळे त्रास थांबला असं तुम्हाला वाटतंय, पण थांबली आहे ती फक्त सूचना.

दोष कुठे आहे हे शोधण्याचं पहिलं पाऊल तुम्ही स्वतः टाकू शकता. ड्रिलचा प्लग सॉकेटमधून पूर्ण काढलेला असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक प्लगच्या जाड, लांब पिनेला आणि दुसरं ड्रिलच्या बॉडीवर जिथे रंग नाही अशा स्क्रूला लावा. एक ओहमच्या आत आकडा यायला हवा. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तार आत तुटलेली आहे. हाच प्रयोग एक्स्टेन्शनवर करा: ते भिंतीतून काढून त्याच्या प्लगची अर्थ पिन आणि त्याच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक. पुष्कळदा दोष इथेच सापडतो. प्लग बदलताना कोणीतरी हिरवी तार कापून टाकलेली असते किंवा मुळात दोनच तारांची वायर वापरलेली असते. दोन्ही ठीक निघाले तर दोष भिंतीतल्या सॉकेटमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे, आणि तिथून पुढचं काम वायरमनचं. सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून अर्थ तपासायची जुनी पद्धत तुम्ही करू नका. अर्थ मागे तुटलेला असेल तर त्या दिव्यातून फेज उलट्या वाटेने अर्थच्या तारेत उतरतो आणि त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक मशीनची बॉडी जिवंत होते.

अर्थ सापडत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देणारे लोक आहेत. तसं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठे सुटेल त्या दिवशी मशीनमधून फिरून आलेला फेज सगळ्या बॉड्यांवर येईल.

आता असं समजू की अर्थ उत्तम झाला. तरी एमसीबीवर विसंबता येत नाही, आणि यामागचा हिशेब एकदा नीट बघून ठेवण्यासारखा आहे. तुमच्या घराचा अर्थ फक्त जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडवर अवलंबून असेल आणि त्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम असेल असं धरा. फेज बॉडीला पूर्ण लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी खात्रीने तत्क्षणी पडायला १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद लागतील आणि तेवढा वेळ मशीनची बॉडी जिवंत राहील. ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो, तफावत पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. कार्यशाळेसाठी ३० मिलिअँपिअरचाच हवा. १०० किंवा ३०० चा आगीपासून थोडंफार राखतो, माणसाला राखत नाही.

त्याच्याही मर्यादा आहेत. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक दिवा आहात, तो पडणार नाही. जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट हे त्याचं काम नाही, त्यासाठी एमसीबी सोबत हवाच. वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक मशीन असतील तर ‘टाइप ए’चा घ्या. अशा मशीनमधून होणारी तुटक, एकाच दिशेची गळती ‘टाइप एसी’ला नीट ओळखता येत नाही. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर त्या दिवशी काम बंद.

इतकं झाल्यावर आता तुमच्या भावाच्या ३२ अँपिअरकडे येऊ. त्यांचा हेतू चांगला आहे, पण एमसीबी कोणासाठी असतो हे त्यात चुकलंय. तो मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. तुमच्या सॉकेटपर्यंत बहुधा २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार आली असेल. पाइपातून गेलेली अशी तार साधारण २० ते २४ अँपिअर निभावते. एमसीबी त्याच्या आकड्यावर पटकन पडत नाही: आकड्याच्या १.१३ पटीवर तो तासभर तरी तग धरतो आणि १.४५ पटीवर तासाभराच्या आत पडणं अपेक्षित असतं. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर बिनदिक्कत जाऊ देईल आणि ४६ अँपिअर बराच वेळ. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. २२ अँपिअर पेलणाऱ्या तारेतून ३६ गेले तर तापणं दीडपट होत नाही, पावणेतीन पट होतं. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची. भिंतीत ते हळूहळू कडक होईल, तडकेल, आणि हे कधी घडलं ते कोणालाच कळणार नाही. त्यात मागे कुठे १.५ ची तार जोडलेली निघाली तर विचारायलाच नको.

मग एमसीबी पडतो तरी का? दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. सॉचं बटण दाबताक्षणी पडत असेल तर तो सुरुवातीच्या झटक्याने पडतोय. दीड एचपीची मोटार चालू असताना ८ ते ९ अँपिअर घेते, पण उभ्या स्थितीतून सुटताना पाच ते सात पट, म्हणजे ४५ ते ६० अँपिअर, क्षणभर ओढते. एमसीबीच्या तोंडावर १६ च्या आधीचं अक्षर वाचा. ‘बी’ असेल तर तो आकड्याच्या तिप्पट ते पाचपटीत, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरला तत्काळ पडतो. डस्ट कलेक्टरचे ६ अँपिअर आधीच चालू असताना सॉचा झटका त्यात मिसळला की तो पडू शकतो. ‘सी’ पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० पर्यंत थांबतो. मोटारींना तोच योग्य, आणि तारेची राखण दोघंही सारखीच करतात. त्यामुळे १६ चा आकडा तसाच ठेवून अक्षर बदलणं हे तुमच्या या तक्रारीचं खरं उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त ‘सी’ला शॉर्टच्या वेळी जास्त करंट लागतो, म्हणून बदलताना सर्किटचा लूप रोध, म्हणजे दोषाचा करंट ज्या पूर्ण वाटेने फिरून येतो तिचा रोध, मोजून घ्या. दुसरी शक्यता अशी की दहा-वीस मिनिटं कापल्यावर पडतो. तेव्हा तो खरोखर जास्त लोडने तापून पडतोय आणि त्याला वेगळं सर्किट हाच उपाय आहे. बोथट पातंही त्याला कारण असतं. पातं लाकडात अडायला लागलं की तीच मोटार १२-१३ अँपिअर ओढते.

आणि ते एक्स्टेन्शन. बाजारातल्या बहुतेक हलक्या एक्स्टेन्शनमध्ये ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर असते. तिचा रोध किलोमीटरला २६ ओहम. १५ मीटर जायचं आणि १५ यायचं धरलं तर ०.७८ ओहम. १० अँपिअरवर जवळजवळ ८ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ७८ वॅट उष्णता त्या वायरमध्ये मुरते. वायर रिळावर गुंडाळलेलीच असेल, जशी तुमची बहुतेकदा असते, तर ही उष्णता बाहेर निघायला वाटच नाही. आतले फेर एकमेकांना चिकटतात. सॉ सुरू होताना ४० अँपिअर धरले तर ३१ व्होल्ट गळतात. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तो पाऊणच उरतो. मोटार कण्हत कण्हत वेग घेते आणि तेवढा वेळ जास्त करंट खात राहते. नवं वायरिंग होईपर्यंत हे एक्स्टेन्शन फक्त हातातल्या छोट्या मशीनला वापरा, तेही पूर्ण उलगडून. सॉ थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा.

नवं वायरिंग मी असं मांडेन. घराच्या मुख्य डीबीतून (एमसीबी बसवलेल्या पेटीतून) ३२ अँपिअरच्या एमसीबीमागून ६ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन कार्यशाळेत आणायची. भावाचा ३२ चा एमसीबी शोभतो तो इथे, कारण ही तार त्याला पेलते. तिथे बंद झाकणाची छोटी डीबी: आधी दोन पोलचा मेन स्विच, मग ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, त्यापुढे तीन ‘सी १६’. एक फक्त सॉसाठी, एक डस्ट कलेक्टर आणि ड्रिलसाठी, एक टेबलावरच्या सॉकेटसाठी. तिन्ही २.५ च्या तारेवर, आणि प्रत्येकाबरोबर स्वतःची अर्थ तार. सगळं एकदम चाललं तरी २२-२४ अँपिअरच्या पुढे जाणार नाही. मीटरचा मंजूर भार एवढ्याला पुरतो का, हे आधी बिलावर बघून घ्या.

दिवे मात्र या डीबीवर घेऊ नका. ते घराच्या दिव्यांच्या सर्किटवर, ६ अँपिअर एमसीबी आणि १.५ च्या तारेने, आणि त्यालाही आरसीसीबी असू द्या, पण वेगळा. कारण उघड आहे: मशीनच्या गळतीने आरसीसीबी पडला आणि त्याच क्षणी खोलीत अंधार झाला, तर सॉचं पातं अजून कित्येक सेकंद फिरत असतं आणि तुमचा हात त्याच्या जवळ असतो. दिवे घेतानाही स्वस्त एलईडी नकोत. ज्यांच्या ड्रायव्हरमध्ये लुकलुक दाबलेली नसते ते ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मिटतात-पेटतात, आणि ठराविक वेगाला फिरतं पातं थांबल्यासारखं दिसतं.

सॉकेट टेबलाच्या उंचीच्या वर, बाजूच्या भिंतीवर, झाकणाची घ्या. जमिनीलगतचं किंवा आडव्या फळीत तोंड वर करून बसवलेलं सॉकेट भुश्याने भरतं. वायर उघडी न ठेवता पाइपातून न्या, फळी आदळते त्या पट्ट्यात लोखंडी पाइप घ्या आणि तोही अर्थ करा. सॉला नो-व्होल्ट स्विच आहे का तेही आजच तपासा: लाकूड न लावता सॉ चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, दूर उभं राहून बटण पुन्हा चालू करा. सॉ आपोआप सुरू झाला तर हा स्विच नाही, आणि लाइट जाऊन परत येईल तेव्हाही तो असाच सुरू होईल. बसवून घ्या.

आता हात लावायचा की नाही, हा प्रश्न. तुम्ही आणि घरचे दोघंही ते सगळं किंवा काहीच नाही असं मांडताय, पण हे काम चांगलं वाटून घेता येतं. आखणी, कोणतं मशीन कुठे, पाइप बसवणं, बॉक्स ठोकणं, तारा ओढणं, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावणं हे तुम्ही करा. यात विजेचा संबंध येत नाही आणि वायरमनपेक्षा तुम्हाला तुमची खोली जास्त कळते. मुख्य डीबीतली जोडणी, अर्थिंग, आणि शेवटची मोजमापं परवानाधारक माणसाकडूनच. काही ठिकाणी कायद्यानेही तसं बंधन असतं, तेव्हा सुरू करण्याआधी विचारा.

सॉकेटची टोकं जोडण्याचं काम तो तुम्हाला करू देत असेल तर इथे घाई नको, कारण घरातल्या आगी ज्या ढिल्या जोडांतून लागतात ते जोड दिसायला ठीकच असतात. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम असला तरी १३ अँपिअरवर तिथे १७ वॅट उष्णता होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, एका स्क्रूच्या टोकावर. करंट वाढलेला नसल्यामुळे एमसीबी पडत नाही, गळती नसल्यामुळे आरसीसीबीही पडत नाही. आधी प्लास्टिक तपकिरी होतं, मग कुजलेल्या माशासारखा वास येतो. म्हणून: इन्सुलेशन १० ते १२ मिलिमीटरच सोला आणि सोलताना एकही तंतू कापला जाऊ देऊ नका. तंतू पिळून, टोक दुमडून, स्क्रूखाली पूर्ण आत सारा, बाहेर तांबं दिसायला नको. शक्य असेल तिथे थिंबल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) घालून पकडीने दाबून घट्ट करा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका, ते मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. जाड आणि बारीक तार एका स्क्रूत घातली की बारीक तार सुटते. आवळल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून बघा. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर हिसकली गेली तर सगळ्यात शेवटी ती सुटेल. पाइपात मध्येच जोड अजिबात नको.

प्रत्येक वेळी हात घालण्याआधी मेन बंद करा, शक्य तर कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. मग तपासणी तीन पायऱ्यांनी: मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून २३० दाखवतो हे बघा, मग जिथे काम करायचंय तिथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या, आणि मग परत चालू सॉकेटवर, मीटर मधेच बिघडला नाही ना याची खात्री करायला. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको. लाकडी फळीवर उभं राहिलं की जिवंत तारेवरही त्याचा दिवा कधी कधी पेटत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही त्याच्या सर्किटवर लाइन असते, तो स्वतंत्रपणे बंद करा. मोटारीच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, तिथे बोट घालू नका.

वायरमनकडून काम ताब्यात घेताना चार गोष्टी समोर करून घ्या. मशीन आणि दिवे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ इन्सुलेशन मोजायचं. एक मेगओहम ही किमान मर्यादा आहे, पण नव्या तारांचा आकडा त्याच्या कितीतरी वर असायला हवा. प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची तार अखंड आहे का, आणि लूप रोध किती. आरसीसीबी उपकरणाने पाडून किती मिलिसेकंदात पडतो ते. आणि स्विच फेजमध्येच आहेत का. नवा आरसीसीबी उगाचच पडत राहिला तर वायरमन तो काढून टाकायला सांगेल. काढू देऊ नका. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल त्याच्या पुढच्या न्यूट्रलमध्ये मिसळला आहे का ते आधी शोधायला लावा, मग एकेक मशीन लावून बघा. ज्या मशीनवर तो पडेल ते बहुधा तुमचं ड्रिलच असेल. त्याची मोटार उघडून साफ करून वाळवावी लागेल किंवा वाइंडिंग नव्याने भरावं लागेल.

महिनाभर काम झाल्यावर मेन बंद करून डीबीतले आणि सॉकेटमधले स्क्रू वायरमनकडून पुन्हा एकदा आवळून घ्या. नव्या तारा बसतात, मशीनच्या कंपाने थोड्या सरकतात. त्याच वेळी डीबीत शिरलेला भुसा कोरड्या ब्रशने काढून घ्या, आणि कंप्रेसरची हवा तिथे मारू नका, ती भुसा संपर्कांच्या आत ढकलते.